गाण्याची आवड आणि अंतकाळचा आठव

वारकऱ्याने अभंगाखेरीज दुसरे गाणे आवडीने ऐकावे किंवा ऐकू नये, हा प्रश्न दिसावयास अगदी लहान आहे. कुणी म्हणेल, बुवांना आता दुसरा विषय उरला नाही की काय! पण गेली चाळीस वर्षे कीर्तनाला उभे राहताना हा प्रश्न आम्हांस जितक्यांनी विचारला, तितक्यांनी मायेचा किंवा विवर्ताचा विचारला नाही. विचारणारे बहुतकरून कीर्तन संपल्यावर, बुक्का लावून झाल्यावर, चार माणसे पांगली म्हणजे जवळ येतात आणि हळू आवाजात विचारतात. जी गोष्ट माणूस हळू आवाजात विचारतो ती त्याला आतून टोचत असते. म्हणून आज याविषयी थोडे सविस्तर लिहावयाचे योजले आहे.

या प्रश्नाला दोन तयार उत्तरे आहेत. एक कडक मंडळींचे. ते म्हणतात, गळ्यात तुळशीची माळ घातली, आता कानांनाही माळ घाला. हरिनामाविण दुसरा शब्द आत येऊ देऊ नका. दुसरे उत्तर सैल मंडळींचे. ते म्हणतात, अहो, नाद हेच ब्रह्म, मग लावणी काय आणि काकडा काय, सगळे एकच. आमच्या मते पहिले उत्तर इतिहासाला धरून नाही आणि दुसरे अनुभवाला धरून नाही.

इतिहासाचे आधी पाहू. आपली ओवी आली कोठून? चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या दीडशे वर्षे आधी, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात असा उल्लेख आहे. म्हणजे उखळापाशी, जात्यापाशी, पाळण्यापाशी जे गाणे होते तेच माउलींनी शके १२१२ मध्ये उचलले आणि त्यात गीता सांगितली. त्या बायकांच्या ओव्या पुढेही थांबल्या नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगाव हिंडून त्या गोळा करविल्या, तेव्हा त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. त्यांत सासर आहे, भाऊ आहे, आणि विठ्ठल तर पानोपानी आहे. नाथमहाराजांनी वासुदेव घेतला, जोशी घेतला, गोंधळी घेतला, रस्त्यावर जो जो गात आला त्याला घरात घेतले आणि भारूड केले. माउलींच्या विराण्या तर विरहिणीच्या तोंडच्या आहेत. नामदेवराय उत्तरेत गेले तेव्हा तिकडच्या बोलीत गायिले, आणि त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथात जाऊन बसली. कर्नाटकातले दास पुरंदरविठ्ठल म्हणून आपल्याच पांडुरंगाला कानडीत आळवतात. तेव्हा आपल्या पंथाने कान बंद ठेवले होते असे कुणी म्हणू लागला तर त्याने आधी गाथा उघडून पाहावी.

उलट बाजूनेही तेच. ज्यांना आपण शृंगाराचे कवी म्हणून बाहेर बसवतो त्यांनी आपल्याला काय दिले हे आपण विसरतो. होनाजी बाळा हे पेशवाईच्या उतरत्या काळातले तमासगीर, लावणीचे शाहीर. परंतु घनश्यामाला जागविणारी ती प्रसिद्ध भूपाळी त्यांची. कित्येक घरांत पहाटे चूल पेटविताना ती म्हटली जाई, आणि म्हणणाऱ्या माउलीला हे एका लावणीकाराचे आहे याची खबरही नसे. १९५१ मध्ये शांतारामबापूंनी ‘अमर भूपाळी’ हा बोलपट काढला तेव्हा पुष्कळांना प्रथमच कळले. सोलापूरचे राम जोशी वैदिक घराण्यातले, संस्कृत शिकलेले. लावणीच्या नादाने फडावर गेले आणि पुढे मोरोपंतांच्या आर्या घेऊन कीर्तनाला उभे राहिले. अलीकडच्या काळातले गदिमा पाहा. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. वर्षभरात ५६ गीते झाली, आणि रेडिओला हार घालून ऐकणारी घरे आमच्या वडिलांनी पाहिली होती. त्याच लेखणीने १९५९ मध्ये ‘सांगत्ये ऐका’ मधली बुगडीची लावणी लिहिली. दौत तीच. आता सांगा, त्या दौतीतला कोणता थेंब पवित्र आणि कोणता अपवित्र?

आणखी एक गंमत सांगतो. १९३६ मध्ये प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला. विष्णुपंत पागनिसांनी महाराजांची भूमिका अशी केली की लोक त्यांच्या पाया पडू लागले. पूर्वी हेच गृहस्थ नाटकांत स्त्रीभूमिका करीत. त्या बोलपटात बी आणि झाड यांविषयीचे एक गाणे आहे. ते शांताराम आठवले यांनी लिहिलेले. पण भल्याभल्यांनी ते महाराजांचेच समजून गाथेत शोधले! आमच्या समजुतीप्रमाणे आजही काही भजनी मंडळांत ते तुकोबांचे म्हणून म्हटले जाते. आम्ही ऐकतो आणि गप्प बसतो. प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांनी कव्वाली गाजविली, बाबासाहेबांची गाणी वस्त्यावस्त्यांतून गायिली, आणि विठ्ठलाची गाणी अशी गायिली की आषाढीत पंढरपुरात चहाच्या टपरीपासून प्रसादाच्या दुकानापर्यंत त्यांचाच आवाज. एका गळ्यात हे तिन्ही मावले. ऐकणाऱ्याच्या कानात मावावयास काय हरकत असावी?

एवढे म्हटल्यावर सैल मंडळी खूश होतील. त्यांनी जरा थांबावे.

गाणे आवडते म्हणजे काय होते? आमच्या पाठशाळेत शास्त्रीबुवांनी ‘शाकुंतल’ शिकविले, त्यातला पाचव्या अंकाचा आरंभ या प्रश्नावर आम्हांस नेहमी आठवतो. राजा दुष्यंत विदूषकासह बसला आहे. संगीतशाळेतून हंसपदिका राणीचे गाणे ऐकू येते. गाणे म्हणजे राजाला एक टोमणाच आहे. विदूषक विचारतो, अर्थ कळला का? राजा हसतो, कळला म्हणतो, त्याला तिची समजूत काढावयास पाठवितो. आणि मग एकटा उरल्यावर राजाचे मन कासावीस होते. कारण काही दिसत नाही. कोणाचा वियोग झाला आहे असे त्याला तरी ठाऊक नाही. शकुंतलेला तो शापाने विसरला आहे. तेव्हा कालिदास त्याच्या तोंडून सांगतो की, सुंदर दृश्य पाहून, मधुर शब्द ऐकून सुखी माणूससुद्धा उत्सुक होतो, तो मनात कोठे तरी खोल रुजलेल्या जुन्या जिव्हाळ्याला, नकळत, आठवत असतो. अभिनवगुप्तांनीही रसाचा विचार करताना हाच श्लोक घेतला आहे. टोमण्याचा अर्थ कळला तो वेगळा, आणि काळजात हलले ते वेगळे. म्हणजे गाणे आत काही नवे घालतेच असे नाही. आत जे निजलेले आहे त्याला ते हाक मारते.

आम्हांस काय आवडते, हेही सांगून टाकतो. लपवून काय उपयोग? लहानपणी मार्गशीर्षाच्या थंडीत मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव दारी येई. त्याचे शब्द आता आठवत नाहीत, पण चिपळ्यांचा नाद गल्लीच्या टोकापासून जवळ जवळ येत असे, ते जवळ येणेच आम्हांस आवडे. बालगंधर्वांच्या तबकड्या आवडतात. १९३१ च्या ‘संत कान्होपात्रा’ नाटकात त्यांनी गायिलेले अभंग ऐकावेत. कितीही तान घेतली तरी शब्दाचे बोट सोडीत नाहीत, गर्दीत आईने पोराचे सोडू नये तसे. सुलोचना चव्हाणांची लावणी आवडते, हे वाचून एखादा टाळकरी दचकेल. त्या बाई पदर अंगभर घेऊन, जागच्या जागी उभ्या राहून गात. शब्द शृंगाराचे, पण आवाज असा खणखणीत की त्यात लाचारी औषधालासुद्धा नाही. आम्हांस तो आवाज आवडतो. कव्वाली आवडते, कारण एकच ओळ धरून पुन्हा पुन्हा तीवर येतात, प्रत्येक वेळी ती निराळी होते, आणि शेवटी ओळ उरते, गाणारा उरत नाही. आपण एक चरण धरून पावली खेळतो तेव्हा दुसरे काय करतो? गझल मात्र आम्हांस फारशी लागत नाही. ती टाळी घेण्यासाठी फार वेळा वळून पाहते असे आम्हांस वाटते. सुरेश भटांचे चाहते रागावतील, रागावोत. आवडीत वाद नसावा, असे म्हणतात. पण आमच्या मते सगळा वाद तेथेच आहे.

कारण माउलींनी आठव्या अध्यायात ‘आवड’ हीच गोष्ट फार मोठ्या ठिकाणी बसविली आहे. भगवंत म्हणतात की अंतकाळी जो भाव आठवतो त्यालाच जीव जाऊन मिळतो. त्यावर माउली स्पष्ट करतात की हा आठव त्या क्षणी अचानक येत नसतो. जिवंतपणी जे आवडून आत राहिले तेच मरणाच्या वेळी उसळून येते. म्हणजे ‘मला अमुक गाणे आवडते’ हे वाक्य आपण सहज बोलतो, पण शास्त्राने पाहिले तर ते आपल्या शेवटच्या श्वासाविषयीचे वाक्य आहे.

हे आम्हांस एका आजींनी शिकविले. काही वर्षांपूर्वी पालखी नातेपुत्यास मुक्कामाला होती. तंबूत हरिपाठ झाला आणि ऐंशीच्या घरातल्या एक माउली आमच्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, “बुवा, एक इचारू का? हरिपाठाला बसलं की मधीच मला मालकांचं मोटंवरचं गाणं ऐकू येतं. त्यास्नी जाऊन बारा वर्सं झाली. हिरीवर इंजान आलं तवापास्नं गाणं तर त्याच्याबी आधी बंद झालं. पर कानात हाय. आता माझा काय भरवसा? शेवटाला तेच गाणं आलं आन् इठ्ठल आलाच न्हाई, तर मी कुठं जायाचं?”

आम्ही विचारले, आजी, त्या गाण्यात देवाचे नाव आहे का? आम्हांस वाटले, असेलच, मग वाट सोपी झाली. त्या म्हणाल्या, “न्हाई हो. बैलांची नावं हायती. आन् पाणी थारोळ्यात पडताना एक लांब हाळी.”

तरुण वाचकांना मोट ठाऊक नसावी म्हणून सांगतो. विहिरीत चामड्याची मोठी मोट सोडीत. बैलजोडी धावेवरून उतरताना ती भरून वर खेचली जाई, आणि बैल उलटे मागे येताना पुन्हा खाली जाई. हे सबंध दिवसभर. मोटकरी नाड्यावर बसे आणि बैलांच्या चालीवर गाई. गाण्याशिवाय बैलही कंटाळत आणि माणूसही. पंप आले तशा मोटा गेल्या, गाणीही गेली. आता तो सूर कोठे उरला असेल तर असल्या एखाद्या आजीच्या कानात.

भागवताच्या पाचव्या स्कंधात भरतराजाची कथा आहे. राज्य सोडले, संसार सोडला, आणि नदीकाठी सापडलेल्या हरिणाच्या पाडसात जीव गुंतला. अंतकाळी हरिणच आठवले आणि पुढचा जन्म हरिणाचा आला. कडक मंडळी ही कथा सांगून आजीला घाबरवतील. पण त्याच भागवतात, पुढच्याच स्कंधात, अजामिळ आहे. त्यानेही अंतकाळी देवाला हाक मारली नव्हती. धाकट्या पोराला मारली होती. पोराचे नाव नारायण होते, तेवढ्यावर विष्णुदूत धावले. दोघांच्याही मनात माया होती. एकाला ती मृगयोनीत घेऊन गेली, दुसऱ्याला सोडवून गेली. आजींची अडचण अशी की त्यांच्या गाण्यात नारायण हे नावही नाही. बैलांचीच नावे आहेत.

आम्ही त्यांना म्हटले, “आजी, ते गाणे दाबू नका. दाबलेले वर येते. हरिपाठाला बसण्यापूर्वी एकदा ते सबंध मनात म्हणून घ्या, आणि मग हरिपाठ धरा.” त्या म्हणाल्या, “तसं बी करून बघितलं बुवा. मग डोळं भरून येत्यात आन् हरिपाठाचं पुस्तक दिसत न्हाई.” आम्ही म्हटले, “तुम्हांला हरिपाठ तोंडपाठ आहे, पुस्तक कशाला पाहिजे? भरल्या डोळ्यांनी म्हणा.”

हे आमचे एक स्नेही ऐकत होते. ते मोठे अभ्यासू, आमच्यापेक्षा त्यांचे वाचन अधिक. त्या उठून गेल्यावर ते म्हणाले, “बुवा, तुम्ही मोहाला भक्तीचे धोतर नेसविले. आज ही बाई नवऱ्याचे गाणे घेऊन आली; उद्या एखादा पोर तमाशातली बाई घेऊन येईल आणि म्हणेल, माझेही डोळे भरतात.” हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेला नाही, आजही नेत नाही. त्यात तथ्य आहे. डोळे भरणे हा काही पुरावा नव्हे. कांदा चिरतानाही भरतात.

पण भरतराजाच्या कथेत एक बारकावा आहे. पाडस आले आणि त्याची पूजा सुटली. फुले तोडताना, स्नान करताना, जप करताना तो मधेच उठून पाडस कोठे गेले ते पाही. पाडसाला त्याच्याकडून सारखे काही तरी हवे होते आणि त्यालाही पाडसाकडून. आजींच्या गाण्याला काय हवे होते? नवरा नाही, बैल नाहीत, मोट नाही, विहिरीवर पंप आहे. मिळविण्यासारखे काहीच उरले नाही आणि तरी प्रीती उरली. आम्ही स्नेह्यांना विचारले, जिला कशाचीही अपेक्षा उरलेली नाही अशी प्रीती विठ्ठलाकडे वळविणे सोपे, की ती खणून काढून तिच्या जागी कोरडी जपसंख्या ठेवणे सोपे? ते म्हणाले, हे आजीपुरते खरे. आम्हीही म्हटले, आजीपुरतेच. ज्या गाण्यानंतर हात कशाकडे तरी लांब होतात ते एक, आणि ज्या गाण्यानंतर हात मोकळे पडतात ते एक. पण कोणाचे हात कसे पडले हे ज्याचे त्यालाच दिसते. तेथे आम्ही दुसऱ्याच्या मनात शिरून पंचाईत करणार नाही.

मात्र एका बाबतीत आम्ही कडक मंडळींच्याही पुढे आहो. ती म्हणजे अभंगाला सिनेमाची चाल लावणे. अलीकडे दिंडीत, सप्ताहात, तरुण गायक मंडळी हे सर्रास करतात. आम्ही विरोध केला की म्हणतात, बुवा, आता तर तुम्ही लावणीचे कौतुक करीत होता! अहो, लावणी लावणी म्हणून ऐकावी. तिचा अपमान आम्ही केला नाही. आमचा मुद्दा दुष्यंताचा आहे. सूर आतल्या आठवाला हाक मारतो हे खरे, तर गाजलेल्या गाण्याची चाल कानी पडताच कोणता आठव जागा होणार? ते गाणे, तो नट, ती नटी, तो पाऊस. अभंग बिचारा खुंटी होतो, आणि तीवर दुसऱ्याचाच सदरा टांगलेला असतो. एका गावी सप्ताहात अशा चालीवर लोकांनी खूप टाळ्या दिल्या. कीर्तन संपल्यावर आम्ही समोरच्या चार-पाच पोरांना विचारले, अभंग कोणता होता? चाल सगळ्यांनी गुणगुणून दाखविली, अभंग एकालाही सांगता आला नाही. पंडित भीमसेन जोशी यांनी संतवाणी गायिली तीही काही फडावरची जुनी चाल नव्हे, नवीच होती. परंतु ती चाल अभंगासाठी केलेली होती, तिला दुसरे घर नव्हते. ऐकणाऱ्याला जावयाचे तर अभंगातच जावे लागे.

येथे एक शंका आम्हीच काढतो. आपल्या जुन्या सांप्रदायिक चाली तरी कोठून आल्या? त्यांतली एखादी कधी काळी गोंधळातून, एखादी जात्यावरून आली नसेल कशावरून? आली असेलही. पण येताना तिचे आधीचे शब्द झिजून गेले, माणसांच्या पाच-सात पिढ्या तीवर चालल्या, आता ती चाल ऐकून आपल्याला वाळवंटच आठवते. आजच्या एखाद्या सिनेमाच्या चालीचेही शंभर वर्षांनी तसे होईल, तर त्या वेळच्या बुवांनी ती खुशाल घ्यावी. आम्ही तोवर नसू.

गेल्या चातुर्मासापासून आमच्या मंडळींत एक प्रघात पाडला आहे. द्वादशीचे पारणे झाले की दुपारी ओसरीवर बसावयाचे आणि ज्याने त्याने आपले एक आवडते गाणे म्हणावयाचे, कोणत्याही प्रकारचे असो; आणि ते का आवडते ते सांगावयाचे. सांगता आले नाही तर तसे सांगावयाचे. वीणेकऱ्यांनी कानडी दासपद म्हटले. त्यांचे आजोळ विजापूरकडचे. चोपदार, ज्यांच्या आवाजाला सगळी दिंडी वचकून असते, त्यांनी अंगाई म्हटली आणि कारण सांगितले नाही. मागच्या द्वादशीस एका तालकऱ्याचा नातू, अकरावीत शिकणारा, त्याने ज्याला रॅप म्हणतात तसले काही म्हणून दाखविले. त्यात सूर असा नव्हताच, शब्दच शब्द, आणि निम्मे आम्हांस कळले नाहीत. पोराला वाटले, आता बुवा ओरडणार. पण आमचे मृदंगवाले मान हलवीत होते. ते म्हणाले, “पुन्हा म्हण रे, हळू म्हण. तू श्वास कुठे तोडतोस ते बघू दे.” तो पुन्हा म्हणू लागला, आणि यांनी मांडीवर ठेका धरला.